जुन्या मोटारीतील व्हॅक्यूम आणि प्रेशरचे सेन्सर : ओळखावेत कसे, तपासावेत कसे?

मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांच्या रोजीरोटीचा धंदा आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्यातील नाना पेठ असो किंवा कोकणातील हमरस्त्यालगतची एखादी पत्र्याची शेड असो, हातात पाना घेतलेला आपला माणूस तेथे हमखास भेटतो. त्याची विद्या बहुधा शाळेतून आलेली नसते. ती उस्तादाच्या हाताखाली, आवाज ऐकून आणि वास घेऊन शिकलेली असते. पद्मिनी, अॅम्बॅसेडर आणि कार्बोरेटरवाल्या मारुतीपर्यंत या विद्येने चोख काम केले. परंतु इंजिनात कॉम्प्युटर आला, तारांचे जाळे आले, आणि अनेक चांगल्या मिस्त्रींचा हात अडखळू लागला. विशेषतः व्हॅक्यूम आणि प्रेशर यांच्याशी संबंधित जे लहान लहान काळे डबे बॉनेटखाली दिसतात, त्यांपैकी कोणता काय करतो हे नीट ठाऊक नसल्यामुळे गिऱ्हाइकाचा पैसा आणि मिस्त्रीचे नाव दोन्ही वाया जाते. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

एक पाहिलेले प्रकरण

कोकणातील एका तालुक्याच्या गावी शाळेची मुले नेणारा एक व्हॅनचालक आहे. गाडी एमपीएफआय इंजिनाची, वय पंधरा वर्षांच्या पुढे. एके दिवशी गाडी काळा धूर टाकू लागली आणि पेट्रोलचा खर्च वाढला. पीयूसी निघेना. पहिल्या गॅरेजने सांगितले, ‘सेन्सर गेला.’ मुंबईच्या नातेवाइकाकरवी सेन्सर मागवून बसवला, धूर तसाच. दुसऱ्या गॅरेजने सांगितले, ‘कॉम्प्युटर गेला.’ त्याची किंमत ऐकून हा गृहस्थ गाडी भंगारात द्यायला निघाला. गाडी गेली म्हणजे घरचे उत्पन्नच गेले. शेवटी कोणीतरी त्याला एका वयस्कर उस्तादाकडे पाठवले.

“उस्ताद, नवा सेन्सर घातला तरी फरक नाही,” तो म्हणाला. उस्तादांनी सेन्सरला हातही लावला नाही. सेन्सरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी काढली, एक टोक बोटाने दाबले आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने हवा ओढून पाहिली. नळी हवा धरीना. टोकाशी खालच्या बाजूने, वरून दिसणार नाही अशा जागी ती चिरली होती. चिरलेले टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. धूर थांबला.

या प्रकरणात पहिले दोन्ही मिस्त्री लबाड होते असे नाही. त्यांना वस्तूची ओळख पुरती नव्हती, इतकेच. पण अज्ञानाची किंमत गिऱ्हाइकानेच मोजली.

व्हॅक्यूम म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, आणि वाटेत थ्रॉटलची झडप ती हवा अडवते. यामुळे झडपेच्या पलीकडे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. यालाच आपण व्हॅक्यूम म्हणतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंच असतो. निरोगी इंजिन आयडलवर साधारण १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते आणि व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. थोडक्यात, व्हॅक्यूम जास्त म्हणजे इंजिनावर भार कमी, आणि व्हॅक्यूम कमी म्हणजे भार जास्त.

कॉम्प्युटरला हा भार कळवण्याचे काम मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर करतो. गॅरेजमध्ये त्याला ‘मॅप सेन्सर’ म्हणतात. त्याच्या आत सिलिकॉनचा अगदी पातळ पडदा असतो. दाब बदलला की पडदा वाकतो आणि विजेचा संदेश बदलतो. हा दाब, इंजिनाचे फेरे आणि हवेचे तापमान यांवरून कॉम्प्युटर किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो.

वरच्या प्रकरणात काय घडले ते आता कळेल. नळी चिरल्यामुळे सेन्सरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचलाच नाही, त्याच्याकडे बाहेरची हवा गेली. त्याने कॉम्प्युटरला तसेच कळवले. कॉम्प्युटरला वाटले गाडी पूर्ण भाराने घाट चढते आहे, म्हणून त्याने पेट्रोल भरभरून सोडले. सेन्सरही ठीक होता आणि कॉम्प्युटरही.

आधी गाडीची पिढी ओळखा

पद्मिनी आणि जुनी अॅम्बॅसेडर यांत असा सेन्सर नसतोच. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला जी चपटी गोल डबी असते आणि जिला कार्बोरेटरकडून बारीक नळी येते, ती ‘व्हॅक्यूम अॅडव्हान्स’ होय. ती फक्त ठिणगीची वेळ पुढेमागे करते. तिला तार नसते. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, तरी हौशी मालकांकडे या गाड्या अजून आहेत.

दुसरी पिढी इंजेक्शनची. १९९५ ची सिएलो, १९९८ ची सॅन्ट्रो या गाड्या एमपीएफआय घेऊन आल्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो नियम लवकर लागू करण्याचा आदेश दिला, आणि २००० च्या सुमारास मारुती ८००, झेन, एस्टीम यांतही इंजेक्शन आले. आज ‘जुनी गाडी’ म्हणून गॅरेजमध्ये येते ती बहुधा याच पिढीची.

आणखी एक गोष्ट. सर्वच इंजेक्शन गाड्या दाबावरून हवा मोजत नाहीत. काहींत एअर फिल्टरनंतरच्या पाइपातच हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत मॅप सेन्सर शोधत बसू नये, तो कदाचित नसेलच.

ओळखण्याच्या खुणा

बॉनेट उघडल्यावर प्रथम आतल्या बाजूचा स्टिकर पाहावा. अनेक गाड्यांत व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा तेथे चिकटवलेला असतो. तो नसेल तर नळी कोठून निघते व कोठे जाते हे बोटाने चाचपत जावे. तारा किती, नळ्या किती आणि जागा कोणती, या तीन गोष्टींवरून बहुतेक वस्तू ओळखता येतात.

१) मॅप सेन्सर : तीन तारा, एक नळी. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधील पत्र्यावर, किंवा नळीशिवाय थेट मॅनिफोल्डवर रबरी रिंग लावून बसवलेला. चार तारा असतील तर हवेचे तापमान मोजणारा सेन्सरही त्याच डबीत आहे असे समजावे.

२) बाहेरच्या हवेचा सेन्सर : दिसायला मॅपसारखाच, तीन तारांचा, पण त्याची तोटी उघडी असते किंवा तिला बारीक जाळी असते. नळी दिसत नाही म्हणून ‘नळी निघाली आहे’ असे समजून तिला मॅनिफोल्डची नळी जोडू नये. ही चूक वारंवार होते.

३) व्हॅक्यूमचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह : दोन तारा, दोन किंवा तीन नळ्या. हा सेन्सर नव्हे. कॉम्प्युटरच्या हुकमाने व्हॅक्यूमची वाट उघडणे-बंद करणे एवढेच त्याचे काम. पेट्रोलच्या वाफेच्या डब्याकडे जाणारी नळी यातूनच जाते. सेन्सर म्हणून सर्वाधिक बदलला जातो तो हाच.

४) तापमानाने चालणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह : पाण्याच्या वाटेत पितळी आट्यांनी बसवलेला, वर प्लॅस्टिकच्या तोट्या, तारा नाहीत. इंजिन गरम झाल्यावर नळ्यांची वाट बदलतो. कार्बोरेटरच्या उत्तर काळातील गाड्यांत आढळतो.

५) तेलाच्या दाबाचा स्विच : ब्लॉकमध्ये आट्यांनी बसवलेला, बहुधा तेलाच्या फिल्टरच्या आसपास. एकच तार. डॅशबोर्डवर दिव्याऐवजी काटा असेल तर तेथे मोठी, डब्यासारखी वस्तू असते.

६) एसीच्या दाबाचा स्विच : एसीच्या अॅल्युमिनियमच्या पाइपावर किंवा गॅसच्या बाटलीवर. त्याखाली झडप आहे याची खात्री नसेल तर पाइपात गॅस असताना तो खोलू नये.

७) ब्रेक बूस्टरची नळी : जाड नळी आणि मध्ये एकाच बाजूने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह. येथे गळती झाली तर ब्रेकचे पेडल जड होते आणि आयडलही बिघडते. तक्रार इंजिनाची असली तरी ही नळी अवश्य पाहावी.

डिझेल गाडीत थ्रॉटलची अडचण बहुधा नसल्याने मॅनिफोल्डमध्ये उपयोगी व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेकसाठी वेगळा पंप असतो, अनेक भारतीय गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. टर्बोच्या गाडीतील मॅनिफोल्डचा सेन्सर व्हॅक्यूम नव्हे, वाढलेला दाब मोजतो. आणि कॉमन रेल इंजिनाच्या डिझेल पाइपावरील सेन्सरला इंजिन चालू असताना पाना लावू नये. तेथील दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतो, अशा धारेने हाताची कातडी फाडून डिझेल शरीरात जाते.

तपासणीची साधी रीत

यासाठी महागडा स्कॅनर असलाच पाहिजे असे नाही. एक डिजिटल मल्टीमीटर, एक व्हॅक्यूम गेज, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणि एक ‘टी’ जोड एवढे पुरते. कॉम्प्युटरच्या तारांना बल्बचा टेस्टर मात्र कधीही लावू नये. बल्ब जास्त वीज ओढतो आणि कॉम्प्युटरच जाऊ शकतो.

पहिले पाऊल नळीचे. नळी काढून वाकवून पाहावी. रबर कडक, चिरलेले, तेलाने फुगलेले किंवा आत कार्बनने बुजलेले असेल तर ती आधी बदलावी. तोटी बुजलेली नाही ना, हेही पाहावे.

दुसरे पाऊल गेजचे. ‘टी’ जोड लावून नळीतील व्हॅक्यूम मोजावा. काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर असेल तर इंजिन आपले काम करते आहे. तो दहा-बारा इंचांवर असेल किंवा थरथरत असेल तर दोष टायमिंग, व्हॉल्व्ह किंवा मॅनिफोल्डच्या गळतीत शोधावा, सेन्सर बदलून उपयोग नाही. गळती शोधताना पेट्रोल मारण्याची सवय सोडावी, गरम इंजिनावर भडका उडतो. साबणाचे पाणी आणि कान पुरतात.

तिसरे पाऊल विजेचे. चावी द्यावी, इंजिन सुरू करू नये. तीनपैकी एका तारेवर ५ व्होल्ट, एकीवर शून्य (अर्थ) आणि उरलेली संदेशाची. समुद्रसपाटीजवळ संदेशाच्या तारेवर, मेकनुसार, साधारण साडेतीन ते साडेचार व्होल्ट मिळतात. इंजिन सुरू करून आयडलवर आणले की ते एक ते दीड, काही गाड्यांत दोन व्होल्टपर्यंत उतरतात. उतरलेच नाहीत, आणि नळीत व्हॅक्यूम मात्र चांगला आहे, तर दोष सेन्सर किंवा त्याच्या तारांचा. मग हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पाहावे. व्होल्ट टप्प्याटप्प्याने उतरले पाहिजेत आणि पंपाचा काटा तसाच राहिला पाहिजे. काटा हळूहळू पडत असेल तर सेन्सर आतून गळतो.

५ व्होल्टच मिळत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नये. अनेक गाड्यांत हीच ५ व्होल्टची लाइन थ्रॉटलच्या सेन्सरलाही जाते. तो शॉर्ट झाला तरी सर्वांची वीज जाते. एकेक प्लग काढून पाहावे.

यातून एक सोपा नियम निघतो. कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट येत असतील तर ती वस्तू बहुधा सेन्सर. बॅटरीचे १२ व्होल्ट येत असतील आणि नळ्या दोन असतील तर ती बहुधा सोलेनॉइड.

आखातात काम करणाऱ्या आपल्या मिस्त्री बंधूंसाठी एक सूचना. जुन्या अमेरिकन फोर्ड गाड्यांतील मॅप सेन्सर व्होल्ट नव्हे, फ्रिक्वेन्सी देतो. साध्या मीटरवर तेथे सतत सुमारे अडीच व्होल्ट दिसतात आणि चांगला सेन्सर बिघडलेला वाटतो. मीटर हर्ट्झवर ठेवावा. समुद्रसपाटीला, इंजिन बंद असताना, तो सुमारे १५९ दाखवतो.

उंचीचाही हिशेब ठेवावा. दर हजार फुटांमागे व्हॅक्यूमचे माप साधारण एक इंचाने घटते. मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी महाबळेश्वरला, सुमारे साडेचार हजार फुटांवर, साडेचौदाच्या आसपास दाखवेल. तो दोष नव्हे.

स्कॅनर असल्यास पी०१०५ ते पी०१०९ हे कोड या सेन्सरशी संबंधित आहेत. पी०१०७ म्हणजे संदेश फार खाली, पी०१०८ म्हणजे फार वर. निघालेल्या नळीनेही पी०१०८ येऊ शकतो. कोड रस्ता दाखवतो, निकाल देत नाही. जुन्या भारतीय गाड्यांना सर्वसाधारण स्कॅनर जोडला जाईलच असेही नाही, म्हणून मीटरचा सराव असलेला बरा.

तेलाच्या दिव्याशी खेळ नको

तेलाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की ‘स्विच खराब असेल’ म्हणून तार काढून ठेवणारे मिस्त्री आणि मालक दोन्ही आढळतात. यासारखा घातक प्रकार नाही. दिवा लागताच इंजिन बंद करावे, तेलाची पातळी पाहावी. पातळी ठीक असेल तर स्विच काढून त्याच जागी दाबाचे गेज लावावे आणि खरा दाब मोजावा. गेज चांगला दाब दाखवत असेल तरच स्विच बदलावा. दाब खरोखर कमी असेल तर बेअरिंग काही मिनिटांतच जाते आणि इंजिन जाम होते.

चावी दिल्यावर दिवा लागतच नसेल तर स्विचची तार काढून इंजिनाला टेकवावी. दिवा लागला तर दोष स्विचचा, न लागला तर तारेचा किंवा बल्बचा. नवा स्विच घेताना आटे जुळवून घ्यावेत. जपानी बनावटीच्या आणि युरोपी बनावटीच्या स्विचचे आटे वेगळे असतात. दोन फेरे गेले म्हणून पाना मारला तर ब्लॉकचे आटे जातात.

गॅसवरच्या गाड्या

सीएनजीचे सिक्वेन्शियल किट बसवलेल्या गाडीत किटचा स्वतःचा वेगळा दाबाचा सेन्सर असतो. तो बहुधा गॅसचा दाब आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम दोन्ही मोजतो, म्हणून त्याला दोन नळ्या असतात. कंपनीच्या मॅप सेन्सरशी त्याची गल्लत करू नये. किट बसवताना व्हॅक्यूमची मूळ नळी कापून ‘टी’ घातलेला असतो, आणि तोच सांधा पुढे गळतो. गाडी पेट्रोलवरही आणि गॅसवरही बिघडत असेल तर प्रथम हा सांधा पाहावा.

सुटा भाग घेताना

दुकानात जाताना जुना नमुना सोबत न्यावा आणि त्यावरील पार्ट नंबर जुळवावा. प्लग बसला म्हणजे सेन्सर तोच, असे नव्हे. साध्या इंजिनाचा आणि टर्बो इंजिनाचा सेन्सर दिसायला सारखा असू शकतो, पण मोजण्याची मर्यादा वेगळी असते. चुकीचा बसवला तर गाडी चालते, पण पेट्रोलचे माप कायमचे चुकते. भंगारातून निघालेला सेन्सर घेण्यात गैर काही नाही. मात्र दुकानातच हातपंप लावून तो तपासावा, आणि गिऱ्हाइकाला तो वापरलेला आहे हे सांगूनच बसवावा.

मजुरी आणि अमानत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही. उस्तादाने अर्धा तास तपासून नळीचे टोक कापले तर ‘एवढ्याचे कसले पैसे?’ असे विचारतो, आणि सेन्सर बदलला की मुकाट्याने पैसे मोजतो. त्यामुळे मिस्त्रीलाही वस्तू विकण्याचा मोह होतो. हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडले पाहिजे. गॅरेजवाल्याने तपासणीची मजुरी फलकावर लिहून ठेवावी आणि ती संकोच न करता घ्यावी. गिऱ्हाइकानेही ती आनंदाने द्यावी, कारण ती त्याला मोठ्या खर्चातून वाचवते. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. गाडी, नंबर, तक्रार, मिळालेले व्होल्ट आणि केलेला उपाय यांची वही ठेवावी. वर्षभरात ती वही कोणत्याही स्कॅनरइतकी उपयोगी पडते, आणि शागीर्दालाही शिकवते.

ओलसर धान्य ढिगाच्या आत आणि कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खडसावले होते, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. दोष झाकून माल विकू नये ही त्याची शिकवण आहे. गिऱ्हाइकाला बॉनेटखालचे काही कळत नाही. तो चावी आपल्या हाती देतो तेव्हा ती अमानत असते. न तपासता ‘सेन्सर गेला’ म्हणणे हेही त्या अमानतीत कसूर करणेच आहे.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फिटनेस तपासून पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. म्हणजे या पिढीच्या गाड्या लहान गावांत अजून काही काळ धावणार. कंपनीच्या वर्कशॉपला त्यांत रस कमी आणि त्यांचे दर सामान्यांना परवडत नाहीत. हे काम आपल्या मिस्त्रींकडेच येणार आहे. ज्या तरुणांनी आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आहे त्यांनी उस्तादांकडून हात शिकावा, आणि उस्तादांनी या मुलांकडून मीटर शिकावा. त्यात कोणालाच कमीपणा नाही.

तो व्हॅनचालक आजही मुले नेतो. त्याच्या ओळखीचे इतर चालकही आता गाडी त्याच उस्तादांकडे आणतात.